कियांती ठेवायची नसते

मी, नीला रवींद्र आगटे, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, राहणार एडिसन, न्यू जर्सी, देवाला स्मरून लिहिते की माझे डोके ठिकाणावर आहे. माझा मुलगा परीक्षित याला शंका आहे, म्हणून हे आधी लिहिले. माझे पूर्वीचे मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे.

१. बँकेतली शिल्लक परीक्षितची. पाटल्या नात अनयाच्या. मोडून नवीन करू नयेत, घट जाते. मोठ्या जाऊबाईंनी माझी पैठणी नेली ती मागू नये. एकदाही नेसल्या नाहीत, पण जाऊ दे.

२. देव्हारा परीक्षितला नको असल्यास मंदिरात द्यावा. गराजमध्ये ठेवू नये.

३. घर. यजमान गेल्यावर तळमजला मी लुचीयाला भाड्याने दिला. ती इटलीतल्या तोस्कानाची, माझ्यासारखीच विधवा, मूलबाळ नाही. दर नाताळात ती मला गवताच्या विणीत बसवलेली, पोट सुटलेली बाटली देई. आत कियांती नावाची लाल वाइन. घरात कोणी पिणारे नाही, पण दिलेली वस्तू टाकवेना. वाइन जुनी झाली की किंमत वाढते असे ऐकले होते. परीक्षित सवडीने येईल तेव्हा काढू, म्हणून बॉयलरशेजारी मांडून ठेवल्या. त्याला सवड झाली नाही.

एकदा लुचीयाने त्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "नीला, ही ठेवायची नसते. जेवणात घ्यायची असते."

एक उघडली तर पार आंबलेली. मी त्या वाइनने तांब्या घासला, लख्ख निघाला. देवाची उपकरणी घासली नाहीत.

मग लुचीयाने ताजी आणली. नुसता घोट घेतला तर कच्चे जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आवळली. "आता घासाबरोबर," ती म्हणाली. भाकरी, वांग्याचे भरीत आणि मग घोट. तुरटपणा गेला, मागे आंबट चेरीचा वास राहिला. तेव्हापासून रविवारी आम्ही दोघी एकत्र जेवतो. उपासाला आणि चातुर्मासात मी पाणी घेते.

परीक्षित फोनवर म्हणाला, "आई, तू ड्रिंक करायला लागलीस? लोकांना कळलं तर?"

"कळायला लोक घरी यावे लागतात, बाळा."

"ती यूज करतेय तुला. घर सेल करू, तू सिएटलला ये."

"आणि तिचं काय?"

"शी विल मॅनेज."

तरी माझी इच्छा अशी की लुचीया हयात असेतोवर तळमजला तिचा, आजच्याच भाड्याने. घर विकायचे ते त्यानंतर.

४. परीक्षित, हे पटले नाही तर वकिलाकडे जाण्याआधी एका रविवारी खाली जाऊन जेव. समोर कोणी बसल्याशिवाय तिला घास जात नाही. मलाही जात नव्हता, हे मला फार उशिरा कळले.

वरील मजकूर स्वतःच्या हाताने लिहून, पुन्हा वाचून सही केली. लुचीया साक्षीला तयार होती, पण जिला काही मिळते तिची साक्ष नको असे वकील म्हणाले. दुसरे कोणी आठवेना, म्हणून औषधाच्या दुकानातल्या दोघांना विनंती केली. त्यांनी माझे नाव विचारून घेतले.

सही: नीला रवींद्र आगटे

साक्षीदार: अमित देवस्थळी
साक्षीदार: सुचित्रा नाईकवडी

एडिसन, १४ ऑक्टोबर २००६