आरतीच्या आधीचा विसावा

आप्पा, उद्या संध्याकाळी मला गायचंय. लेक सिरुसेरीच्या ऑफिसच्या बसला गेली, हे नळाच्या माणसाला बोलवायला बाहेर पडलेत, डिकॉक्शन उतरून थंड झालं तरी मी कॉफी केलेली नाही. मघापासून दोनदा गॅस बंद आहे का ते बघून आले. गॅस लावलेलाच नव्हता! मग म्हटलं, बसावं आणि तुम्हाला लिहावं. वाचून तुम्ही म्हणाल, हे कुठलं मराठी गे तुझं, सगळं कोरडं. काय करू, हे नोकरीने मद्रासचे झाले तरी सासर साताऱ्याचं. तीस-पस्तीस वर्षं त्यांच्याशी बोलून बोलून आपल्या घरातलं तंजावरी बोलणं जिभेवरून कधी उतरलं ते मला कळलंच नाही. आता फक्त रागावले की आपली बोली तोंडात येते, आणि हल्ली रागावण्याआधी मला भीतीच वाटते.

तर झालं असं. मार्गळी महिन्यातल्या गाण्यांच्या हंगामात मला दरवर्षी सभेच्या हॉलमध्ये दुपारची वेळ मिळते, हे तुम्हाला ठाऊक आहे, ती तुमचीच वेळ होती. समोर तीच माणसं, आता म्हातारी झालेली. निम्मी कँटीनमध्ये जेवून आलेली असतात आणि पंख्याखाली डुलक्या घेतात. बाकीची माझ्या साथीला टाळ धरतात. यंदा सेक्रेटरींचा फोन आला. म्हणाले, "मामी, यंदा तुम्हाला संध्याकाळ देतो. अभंगांना काय गर्दी होतेय बघा, तरुण पोरं उभी राहून टाळ्या वाजवतात. पण ओरिजिनल हवेत हां. महाराष्ट्रातल्या ढंगाचे, पखवाज वगैरे. तुमचं ते इथलं संथ संथ नको." मी म्हटलं, "सरि सार, बरं." फोन ठेवला आणि मग माझं डोकं फिरलं. ओरिजिनल म्हणे! मेल्या, तुझ्या सभेची वीटही रचली नव्हती तेव्हापासून आमच्या घरात हे अभंग म्हणतायत. तंजावरला आमची माणसं आली ती तोंडात अभंग घेऊनच आली. पण हे सगळं मी स्वयंपाकघरातल्या भिंतीला सांगितलं. त्याला मात्र 'सरि'. संध्याकाळची वेळ मला हवी होती आप्पा, खोटं कशाला बोलू? निजलेल्या माणसांपुढे गाऊन गाऊन जीव विटला होता.

लेकीला तर आकाश ठेंगणं झालं. तिच्या ऑफिसात सोलापूरचा एक मुलगा आहे, इंजिनिअर, पखवाज वाजवतो. त्याच्याच बिल्डिंगच्या हॉलमध्ये गेल्या रविवारी तालीम ठेवली. पोरगा गुणी आहे. "काकू, तुम्ही बिनधास्त गा, मी आहे मागे," म्हणाला आणि हात असा उचलला की मीही टाळ उचलले. आप्पा, मला आवडलं. तुम्हालाच सांगतेय, खरंच आवडलं. आवाज आपोआप वर जात होता, टाळ्या पडत होत्या, लेक मोबाईल धरून नाचत होती. या वयात माझा गळा इतका मोकळा होईल असं मला वाटलं नव्हतं. मग शेवटचा अभंग आला, आरतीच्या आधीचा, तुमचा. दुसरी ओळ अर्ध्यावर आली आणि मी आपल्या रीतीने थांबले. विसावा घेतला. तर त्या पठ्ठ्याने ती जागा कडकडाट करून भरून टाकली! मी टाळ खाली ठेवले आणि ओरडले, "तिथं हात नाही लावायचा! तो आमच्या घरचा विसावा आहे!" तो बिचारा म्हणाला, "सॉरी काकू, मला वाटलं तुम्ही विसरलात." लेक मान खाली घालून बसली. तिला माझी लाज वाटली असणार.

विसावा. हा शब्दसुद्धा तुमच्या भजनातल्या बायकांनीच ठेवलेला. मांबळमच्या आपल्या घरातले गुरुवार आठवतात. तुम्ही ऑफिसातून येता, सदरा खिळ्याला लावता, तोंडावर पाणी मारता आणि सरळ पाटावर बसता. आत आई अंबटीला फोडणी देतेय, तिच्या हिंगाचा वास भजनात शिरतोय. मृदंगमामा वादीवर हातोडी मारून मृदंग लावतायत. मी तुमच्या उजव्या हाताला, माझ्या हातात लहान टाळ. शेवटचा अभंग येतो, दुसऱ्या ओळीत तुमचा सूर वर चढतो आणि मधेच, देवाचं नाव पुरं व्हायच्या आत, थांबतो. सगळं थांबतं. टाळ, मृदंग, आईचा झारासुद्धा. बायका डोळे पुसतात. मग तुम्ही हलकेच, खालून, उरलेली ओळ उचलता. एका गुरुवारी मला काय सुचलं कोण जाणे, मी थांबलेच नाही. माझा दम चांगला होता, मी ओळ पुरी करून वरच्या सुरावर पोचलेसुद्धा. तुम्ही माझ्या टाळांवर तळहात दाबून धरलात. टाळ गरम झाले होते, तुमचा हात गार. म्हणालात, "एवढी घाई कसली गे? गाडी चुकाली का तुझी?" सगळे हसले. मी रडकुंडीला आले. त्या दिवसापासून मी ती जागा कधी ओलांडली नाही. पुढे मी शिकवलेल्या प्रत्येकीलाही तिथे थांबायला लावलं, आणि जी थांबली नाही तिला बोलले.

माझ्या लग्नातलं तुम्हाला आठवत असेल. साताऱ्याला, सासरच्या देवळात तुम्हाला आग्रहाने गायला बसवलं होतं. तुम्ही हाच अभंग घेतला, डोळे मिटून, आपल्या चालीत. संपल्यावर यांचे एक थोरले काका पुढे झाले आणि म्हणाले, "वा वा, तमिळ भजनसुद्धा किती गोड असतं हो." मी शालूत बसल्या जागी घामाघूम झाले. तुमचे कान लाल झालेले मला दिसले. तुम्ही हात जोडलेत आणि हसून म्हणालात, "आशीर्वाद असो द्यावा." नंतर मला बाजूला घेतलंत. मला वाटलं आता तुम्ही रडणार. तर तुम्ही म्हणालात, "लोणचं फार दिवस बरणीत राहिलं की मुरतं गे, नासलेलं नसतं. तू बदलूं नकोस." तेवढं एकच वाक्य गाठीला बांधून मी यांचा संसार केला. बोलणं बदललं, स्वयंपाक बदलला, आमटीत गूळ घालायला लागले. गाणं तेवढं नाही बदललं.

म्हणून तर घाबरले ना. तालमीहून घरी आले, देवापुढे दिवा लावला आणि तुमच्या चालीत अभंग धरला, तर चाल येईना. पखवाजाची लयच गळ्यात बसली होती. एकदा धरलं, दोनदा धरलं, प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीला तो सोलापूरचा पोरगा हजर! तुमच्या कॅसेटी घरात पाणी शिरलं तेव्हाच गेल्या. लेकीने कधी शिकून घेतलं नाही, मीही मागे लागले नाही. शिकवलेल्या मुली गाणं सोडून संसाराला लागल्या. म्हणजे ती चाल या जगात फक्त माझ्या गळ्यात होती, आणि एका संध्याकाळच्या टाळ्यांसाठी मी ती घालवून बसले की काय? दुसऱ्या दिवशी सकाळीच लोकल पकडून तांबरमला गेले. मृदंगमामा तिथे मुलाकडे असतात. नव्वदीला आलेत, ऐकू कमी येतं, पण बोटं अजून मांडीवर चालतात.

"काय गे, एवढ्या सकाळी? कापी घे," म्हणाले. मी म्हटलं, कॉफी राहू दे मामा, आधी आप्पांचा शेवटचा अभंग म्हणून दाखवते, चुकलं तर सांगा. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायला लागले. त्यांची बोटं मांडीवर पडायला लागली आणि कसं कोण जाणे, चाल आली. आपली चाल, जशीच्या तशी! मला भरून आलं. विसाव्याला थांबले तर मामांची बोटं थांबलीच नाहीत. ती पुढे चालत गेली आणि मग ते खो खो हसायला लागले. "अय्यो, तू अजून तिथं थांबतेस? तुझ्या आप्पाला दमा होता गे, म्हणून तो थांबायचा. दमा लागायच्या आधी ती ओळ तो एका श्वासात वर न्यायचा, तुझ्या आजोबांसारखी. एका मार्गळीत, दवाच्या दिवसांत, श्वास मधेच तुटला. मी घाबरून हात थांबवला. बायकांना वाटलं काय भाव, काय भाव! डोळे पुसाल्या. पुढच्या गुरुवारी परत तुटला. मग झाला विसावा. मला म्हणाला, कोणाला सांगू नकोस, पोर लहान आहे, घाबरेल. तुझे आजोबा असते तर टाळ फेकून मारले असते त्याला."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी कॉफी प्याले. तुमचा दमा मला माहीत होता तो शेवटच्या वर्षांतला, हॉस्पिटलातला. माझ्या लहानपणीच तो आला होता, हे मला कोणी सांगितलंच नाही. तुम्ही तर नाहीच. परतीच्या लोकलमध्ये मला तुमचा तो गार तळहातच दिसत होता. मी पुढे पळाले होते आणि तुम्हाला माझ्या मागे येता येत नव्हतं, एवढंच होतं का ते? मी मात्र जन्मभर समजले की मी परंपरेचा अपराध केला. आणि वर मला सांगता, तू बदलूं नकोस! स्वतः बदललात ते बदललात, वर त्याला बायकांच्या डोळ्यांतलं पाणी मिळवलंत. वस्ताद आहात.

सोमवारपासून मी याच्याशी भांडतेय. तुमची चाल आजोबांची नव्हती, मग माझीही तुमची नसली तर बिघडलं कुठे? असं मनाशी म्हणते आणि लगेच भीती वाटते, की हे मी टाळ्यांसाठी स्वतःला पटवतेय. उद्या हॉल भरेल, पोरं उभी राहतील, मला आनंद होईल, आणि घरी आल्यावर गळ्यात तुम्ही नसाल तर? तुम्हाला तर दम्याने बदलायला लावलं. माझा श्वास अजून धड आहे, मला काय कारण सांगता येईल? हे पत्र टाळांच्या पिशवीतच ठेवणार आहे. पाठवायला पत्ता काय घालू, कपाळ!

एक मात्र सांगायचं राहिलं. काल त्या सोलापूरच्या मुलाला फोन केला. म्हटलं, सगळा कार्यक्रम तुझ्या लयीत होऊ दे, मी मागे हटणार नाही. फक्त शेवटच्या अभंगात, दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, हात उचलायचा आणि मी गायला लागेपर्यंत खाली आणायचा नाही. तो म्हणाला, "चालेल काकू. पण तिथे नेमकं काय आहे?" मी म्हटलं, "आमची तंजावरची जुनी परंपरा आहे, बाळा." धडधडीत खोटं बोलले, आप्पा. परंपरा-बिरंपरा काही नाही. तुमचा श्वास परत येईपर्यंत मी तिथे थांबणार आहे.