नोव्हेंबरात एकही तक्रार नको

भाट्ये,
५ नोव्हेंबर २००१

ती. भावेशदादास,
सा. न. वि. वि.

वाडीत मी सामूहिक ध्यान सुरू केलं आहे. दुपारी होड्या लागण्याआधी मासे विकणाऱ्या एकोणीस बायका पाट्या उपड्या ठेवून अर्धा तास डोळे मिटून बसतात. शंभरात एक माणूस असा बसला तरी गावातले गुन्हे घटतात, असं शहरातल्या ध्यानकेंद्राचं म्हणणं आहे आणि मला ते पटलं आहे. नोव्हेंबरभर वाडीतून पोलीस चौकीत एकही तक्रार गेली नाही, तर केंद्र मला शिक्षिका म्हणून कायम करणार. घरातली पहिली पदवी कामाला येईल.

आवडामावशी सगळ्यांत पुढे बसते आणि सगळ्यांत शेवटी डोळे उघडते.

तू हसणारच. हसून झालं की माया आहे तेवढीच ठेव.

तुझी,
पूर्वी

चिपळूण,
१४ नोव्हेंबर

चि. पूर्वीस अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात वाचून दाखवलं. मालक म्हणाले, तिला इकडे बोलव, गोदामातून गोणी नाहीशा होतात.

वाडीतल्या बाबल्याने सुक्या मासळीवर हात मारणं थांबवलं, असं आईने कळवलं. त्याचा पाय मोडलाय, हेही तिनेच कळवलं. दोन्ही तुझ्या वहीत लिही.

लवूकाका मावशीला अजून मारतो का? तू तक्रारी मोजतेस, म्हणून विचारलं.

जेवणाची आबाळ करू नकोस. दादाची आठवण असू दे.

भावेश

भाट्ये,
३० नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सत्तावीस तारखेपर्यंत चौकीची वही कोरी होती. अठ्ठावीसला मावशी सुजलेला गाल घेऊन आली. म्हणाली, रोज अर्धा तास कोणी ओरडत नाही, मारत नाही, याची सवय झाली. आता उरलेल्या साडेतेवीस तासांचं काय ते सांग.  मग स्वतःच म्हणाली, नवऱ्याविरुद्ध अर्ज लिहून दे.

माझ्या नोकरीचं तिला ठाऊक होतं. तीन दिवस थांबते, असंही म्हणाली. हवालदारांनीही सुचवलं की एक डिसेंबर घातला तरी बिघडत नाही.

मी त्याच दिवशीची तारीख घातली.

केंद्राने प्रयोग फसल्याचं कळवलं आहे. काल मात्र बसायला चार बायका जास्त आल्या. त्यांतल्या दोघींनी विचारलं की अर्जाला कागद आपला आणायचा का.

नोकरी नसलेल्या बहिणीवरही लोभ असावा.

तुझी,
पूर्वी