अण्णांचे पाय

सोलापूर, ४ जानेवारी १९७४

ती. अक्कास,
धुळाचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, भटकत नाही. खरंच. हैदराबादला निघालो होतो, पण एका गोऱ्याच्या शेडात पुतळ्याच्या साच्यातलं मेण वितळताना बघत उभा राहिलो, त्याला वर्ष झालं की. हे स्तेफानसाहेब मोठ्या लढाईत पोरवयात पोलंडातून निर्वासित होऊन कोल्हापूरला आले, परत गेलेच नाहीत. तिथल्या ओताऱ्यांकडं शिकले. आधी देवळाच्या घंटा ओतल्या, मग पुतळे: मिरजेला घोडा, बार्शीला पुढारी, आता सोलापूरच्या चौकात आपले शिवयोगी अण्णा.

पुतळ्याची कमिटी म्हणते, अण्णांना चपला घाला. साहेब म्हणतात, ते जन्मभर अनवाणी हिंडले, मी कुठून घालू? साहेबांचे पाय बुटातले, लोण्यासारखे. म्हणून माझे बघून केले. टाचेच्या भेगा, एडक्यानं तुडवलेला वाकडा अंगठा, सगळं ब्राँझमध्ये उतरलंय.

आई अजून चिडलीय का? साहेब रोज विचारतात. त्यांच्या आईनं त्यांचं एकही काम बघितलं नाही.

तुझ्या लोभावरच तगलोय.
धुळा

मंगळवेढा, १२ जानेवारी

चि. धुळास,
गोजाचे अनेक आशीर्वाद.

मेंढरं माळावर सोडून पळालास, तेव्हापासून आई म्हणते, त्याचं तोंड बघणार न्हाई. पायांचं मी तिला काही बोललेली नाही. तिला सांगितलंय, अण्णांचा पुतळा बसतोय, पाया पडून ये. तू मात्र समोर येऊ नकोस, कमिटीपुढं मार खाशील.

जेवत जा. लोभ आहे, पण राग गेलेला नाही.
गोजा

एसटीतून, ३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस, गाडी लई हादरते. भेटल्यावर आईपुढं सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय. कालचं ऐक. मी मांडवाच्या खांबाआड होतो. आई रांगेतून आली, पदर सावरून वाकली आणि अर्ध्यातच थांबली. अंगठ्यावरून बोट फिरवलं. भेगांत नख घालून बघितलं. अध्यक्ष म्हणाले, मावशी, पाया पडा लवकर, रांग खोळंबलीय.

आई सरळ उभी राहिली. "आईनं पोराच्या पाया पडायचं व्हय?" म्हणाली, आणि अण्णांच्या नडगीवर एक चापट दिली. "समद्या सोलापुराला पाय दावतोय. घरला यायला तेवढं न्हाईत व्हय रं?"

मी आपसूक बाहेर आलो. पुढचं लिहीत नाही, डावा गाल सुजलाय एवढं पुरे. अध्यक्षांनी चपलांचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग आईनं साहेबांना विचारलं, तुमची आई कुठं असती? त्यांनी आभाळाकडं बोट केलं. आई म्हणाली, मग चला आमच्यासंगं.

आता ती शेजारी झोपलीय आणि साहेब मागच्या बाकावरून वाकून तिचा हात कागदावर उतरवतायत. पुढचा पुतळा कुणाचा ते ठरलेलं नाही. हात मात्र उगारलेला असणार.

तुझ्या लोभात साहेबांचाही वाटा धर.
धुळा