बटणाचा पक्षी पोलादात उतरत नाही

१२ जानेवारी

आणखी एक बोल्ट वाया गेला. सकाळपासून कानस चालवली, दुपारी ओल्या चामड्यावर ठसा धरून हातोडा मारला — आणि पक्षी उठला तो नीटनेटका! चोच चोचीच्या जागी, डोळा डोक्यात, पाय दोन बाजूंना दोन. असला पक्षी बाजारात कुठल्याही पट्ट्यावर मिळतो. बटणाने काढलेल्या पक्ष्याचा डोळा जवळजवळ डोक्याबाहेर आहे. पोट बटाट्यासारखं. दोन्ही पाय एकाच ठिकाणाहून निघतात आणि त्यातला एक लांब. मला सगळं समोर दिसत होतं, तरी हाताने ते सुधारून टाकलं.

लग्नाआधीपासून पाकिटं, पट्टे, पिशव्या करते आहे. नक्षीचे ठसे विकत घेणं परवडायचं नाही म्हणून तेही घरीच करायला शिकले, बोल्टच्या डोक्यावर कानशीने कोरून. रेघ तेवढी उभी ठेवायची, आजूबाजूचं पोलाद काढायचं. वाकडं दिसलं की माझा हात आपोआप सरळ करतो. लोक त्याचंच कौतुक करतात. आग लागो त्या सफाईला.

१३ जानेवारी

लेकीचं शाळेतलं नाव फक्त शाळेत चालायचं. घरात, गल्लीत, दुकानात ते बटणच. गोल चेहरा, बुटकं, आणि कुठेही अडकून बसायची सवय. पहिलीत गेलं आणि आठवडाभराच्या तापात संपलं. हे असं एका ओळीत लिहिता येतं, याचाच राग येतो.

दप्तर मी शिवून ठेवलं होतं, चामड्याचं. झाकणावर स्वतःचा पक्षी हवा म्हणून हटून बसलं होतं, माझा नको म्हणे, "तुझा खूप छान असतो, तसा नको." म्हणून माझ्याच एका कातरणावर बॉलपेनने काढून दिला. तेवढा एकच उरलाय. कागदावरचे कधीच रद्दीत गेले.

आणि चामड्यात बॉलपेनची शाई पसरते. गिऱ्हाइकांना मीच सांगत असते, पाकिटात पेन ठेवू नका. रेघ दिवसेंदिवस जाड होते आहे. चोचीच्या फटीत आता जेमतेम केसभर जागा आहे. ती बुजायच्या आत पक्षी पोलादात उतरवायचाय. नंतर कशाच्या आधाराने करू?

१६ जानेवारी

ताईचा फोन. रोजचाच. मन रमव म्हणते. तिला सांगितलं, मन रमवायला नाही, पक्षी करायला बसते. ती भाजीचे भाव सांगू लागली. तिचा तरी काय दोष.

१९ जानेवारी

लेथवाल्याकडे बोल्टची डोकी सपाट करून आणायला गेले. त्याचं म्हणणं, कशाला एवढा जीव आटवता, फोटो द्या, मशीन हुबेहूब कापून देईल. मला पटलं. मोबाइलमधला फोटो दिला.

२२ जानेवारी

मशीनचा ठसा आला. हुबेहूबच आहे! पसरलेली शाईसुद्धा हुबेहूब. मशीनला काय कळणार, यातलं बटणाने काय काढलं आणि शाईने काय केलं. चामड्यावर मारला तर नुसता डाग उठला. लेथवाल्याने पैसे घेतले नाहीत. मान खाली घालून चहा पीत राहिला. त्याने पैसे घेतले असते तर भांडता तरी आलं असतं.

२३ जानेवारी

नवरा बेकरीची गाडी चालवतो. पहाटे जातो, दुपारी येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून पडतो. ते कातरण टेबलावरच असतं, बोल्ट आवळायच्या व्हाइसच्या शेजारी. आजवर त्याकडे वळून पाहिलं नाही त्याने. पाण्याचा तांब्या घ्यायला येतो आणि टेबलाला वळसा घालून जातो. बटण गेलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात कामावर हजर झाला. लोकांना पाव रोज लागतोच म्हणे. घरात रडायचं खातं माझ्या एकटीकडे दिलेलं दिसतंय.

२६ जानेवारी

आज कहर केला. ठशावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते चामड्यावर सुलटं उठतं. हे शेंबडं पोरही सांगेल. बटणाला ठाऊक होतं. आणि मी सरळच कोरलं! दोन दिवसांचं काम. हातोडा मारला, ठसा उचलला, तर पक्षी पाठ फिरवून उभा.

हसले. मग बराच वेळ थांबताच येईना. शेजारीण खिडकीतून डोकावून गेली.

२९ जानेवारी

डाव्या हाताने करून पाहिलं. उजवा हात फार शहाणा, डावा तरी अडाणी असेल असं वाटलं. पक्षी वाकडा झाला खरा, पण भलत्याच ठिकाणी वाकडा. कुणीतरी बटणाला वेडावून दाखवतंय असं वाटलं. घणाने ठोकून चपटा केला. बोटही चेचलं.

बटण मुद्दाम वाकडं काढत नव्हतं. त्याला तो पक्षी सरळच वाटत होता. हे मला कुठल्या हाताने जमणार?

३० जानेवारी

काही केलं नाही. उठलेच नाही.

२ फेब्रुवारी

चोच मिटली.

३ फेब्रुवारी

एका दुकानातून पंचवीस पट्ट्यांचं काम आलं. नाही म्हणून कळवलं. माझ्या हाताची सुबक पानंफुलं बघवत नाहीत मला.

५ फेब्रुवारी

आज भांडण झालं. झालं म्हणजे मी केलं.

नवरा जेवून उठला आणि नेहमीसारखा टेबलाला वळसा घालून निघाला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुला तिचं काहीच नकोय ना? एकदा तरी बघ की इकडे!" त्याने हात पुसले. मग माझ्या तोंडाला ताळतंत्र उरलं नाही. तुझ्यात जीव आहे की नुसते पाव भरलेत, तुझं पोर होतं की भाडेकरू, असलं सगळं. लिहितानाही लाज वाटतेय, पण बोलले. शेवटी त्याच्यापुढे कातरण, गिरवायचा पातळ कागद आणि पेन्सिल आपटली. "माझ्याने होत नाही. घे, तू गिरव! निदान तुझा हात तरी लागू दे."

वाटलं, उठून जाईल. तो स्टुलावर बसला. पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं. आणि कातरण उचलून बाजूला ठेवलं, पालथं. मी ओरडणार होते, की अरे, त्याच्यावर कागद ठेवून गिरवायचंय!

त्याने कोऱ्या कागदावर काढायला सुरुवात केली होती. आधी पोट. मग एकाच ठिकाणाहून दोन पाय, एक लांब. मग डोळा, जवळजवळ डोक्याबाहेर. चोच उघडी. कुठे थांबला नाही, कुठे खोडलं नाही. चार रेघा आणि झालं.

मग पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. मी हातोडा धरून तशीच उभी.

६ फेब्रुवारी

आज दुपारी तो स्वतःहूनच बोलला. शाळेच्या सुट्टीच्या दिवशी बटण त्याच्याबरोबर गाडीतून जायचं. दुकानदार पाव मोजून घेईपर्यंत रडायला लागायचं, म्हणून काचेवर वाफ सोडून तो बोटाने पक्षी काढून द्यायचा. "ती माझ्याकडूनच शिकली गं. मला कुठे काय काढता येतं. एवढा एकच येतो."

ठसा नंतर करीन. कागद त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, अजून एक काढ.