लिफ्टच्या वहीतली सही

९ जून

प्रिय ताईस,
येशूच्या नावात सलाम वि. वि.

भाचीचं लग्न ठरल्याचं वाचून फार आनंद झाला. दाजींच्या सुटाला पोटाकडे दोन बोटं कापड जास्त ठेवायला शिंप्याला सांग.

इकडे चार रविवार मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. भाकरीचं ताट तसंच पुढे सरकवतो आणि बायको डोळे वटारते. कारण फक्त तुला सांगतो. मी देखभाल करायचो ती लिफ्ट कोसळून शाळेतल्या बाईंचे दोन्ही पाय गेले, हे तुला ठाऊक आहे. जास्त माणसं भरली म्हणून कंपनीने लिफ्टमनला काढलं. ताई, त्याने जास्त माणसं भरली नव्हती. त्या महिन्यात मी ब्रेक उघडलाच नव्हता. चर्चमध्ये गाण्याचा सराव होता, पोचायची घाई होती. 'ब्रेक तपासला' असं वहीत लिहिलं आणि सही ठोकून निघालो. आता काय करू, सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा


१६ जून

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

दाजी तुझ्यावर रागावलेत, पण कापड वाढवून घेतलं.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. तरी यात विचारायचं काय? तुझं खापर एका निरपराध माणसाच्या डोक्यावर फुटलंय. मन साफ केल्याशिवाय प्रभूच्या मेजापाशी जाऊ नये, हे संडेस्कूलमध्ये मीच तुझ्याकडून घोकून घेतलं होतं. खरं सांगून मोकळा हो. देव वाऱ्यावर सोडत नाही, आणि आम्ही आहोतच की पाठीशी.

तुझ्यासाठी रोज गुडघे टेकणारी,
ताई


२ सप्टेंबर

प्रिय ताईस,
सलाम वि. वि.

सांगितलं सगळं. कंपनीने त्याच दिवशी घरी बसवलं, परवाना गेला, खटला उभा राहिला. बायको लॉन्ड्रीत दिवसभर चादरींच्या घड्या घालते आणि घरी आली की माझं ताट झाकून ठेवून झोपते. चर्चमध्ये आमच्या बाकावर आता आम्ही दोघंच असतो. गायनमंडळातून पास्टरांनी मला थोडे दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं.

लिफ्टमनकडे माफी मागायला गेलो. तो म्हणाला, तुमचं ओझं उतरलं, छान झालं, पण माझ्या स्टुलावर आता दुसरा बसलाय आणि तो काही उठणार नाही. एवढं बोलून दार लावून घेतलं. बाईंनी तर भेटायलाच नकार दिला. प्रार्थनेला बसलो की पलीकडे कोणी नाही असं वाटतं. हे तुला लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटतं.

लग्नाला आम्ही दोन दिवस आधीच येतो. तुमच्यात बसलो तर जीव जरा थाऱ्यावर येईल.

तुझ्या आधारावर तग धरून असलेला,
धाकटा


१० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. व्याह्यांनी तुझी चौकशी केली. ती माणसं नावाला फार जपणारी. माझ्या तोंडून निघून गेलं की तुला परदेशात नोकरी लागली आणि महिन्यापूर्वीच तू गेलास. दाजी शेजारीच होते, त्यांनी मान डोलावली. आता तू दारात उभा राहिलास तर लग्न मोडेल. पोरगी मामा हवा म्हणून रडते, पण ये म्हणायची हिंमत तिलाही होत नाही.

येऊ नकोस रे. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

तुझी म्हणवून घ्यायला धजत नाही, तरी तुझीच,
ताई


१५ सप्टेंबर

प्रिय ताईस,
सलाम वि. वि.

येत नाही. कोणी विचारलं तर तिकडे माझं उत्तम चाललंय म्हणून सांग. भाचीला आमच्या दोघांचे आशीर्वाद.

खोटं बोललीस याचा मला राग नाही. एवढंच विचारतो, असं बोलूनही माणूस जेवतो, झोपतो, लेकीचं लग्न लावतो, हे तू मला जूनमध्ये का नाही सांगितलंस?

माझा लोभ आटलेला नाही, तुझाही आटू देऊ नकोस.

धाकटा