माशाच्या तोंडातली अंगठी

प्रिय सेंगा,

ग्लासगोच्या दिव्याच्या खांबांवरील शहरचिन्हातला मासा तोंडात अंगठी का धरून आहे, हे कोडे तुलाही पडले असेल. कॅथेड्रल पाहायला येणाऱ्यांना मी ते रोज हौसेने उलगडून सांगते. कथा अशी की, राणीने राजाची अंगठी प्रियकराला दिली. राजाने ती त्याच्याकडून चोरून क्लाइड नदीत फेकली आणि वर राणीकडेच मागितली, न दिल्यास देहदंड. बिशप संत मंगोंनी नदीतून एक मासा धरून आणवला, त्याच्या तोंडात अंगठी निघाली आणि राणी वाचली.

आज एक आजीबाई म्हणाल्या, "पण बाई, चूक तिचीच होती ना? मग संताने कशाला वाचवलं?"

त्यांची मैत्रीण उसळली, "तू कोण लागून गेलीस गं, राजाची बहीण?"

सगळे हसले, मी नाही. आईची अंगठी तू तुझ्या प्रियकराला, ह्यूईला दिलीस, हे बाबांना मीच सांगितले आणि तू घर सोडलेस. महिन्याभरात ह्यूईने ती तुझ्यासाठी माझ्याकडे आणून दिली. चाळीस वर्षे ती माझ्या खणात आहे, तुला लिहिलेल्या पण कधीच न टाकलेल्या पत्रांखाली.

तुझ्या बसथांब्याजवळचा खांब नीट पाहा. संत, पक्षी, झाड, घंटा, मासा, सगळे सापडतील. अंगठी कुठे आहे हे ठाऊक असूनही गप्प बसलेला राजा तेवढा त्यात शोधून दाखव.

तुझी थोरली,
नेटा