अर्धी डिस्क लेकीची

प्रिय जावईबापू,

अक्षरावरून ओळखलंच असेल तुम्ही. आयुष्यभर लोकांच्या दुकानांच्या पाट्या लिहिल्या, त्यामुळे कागदावरही अक्षर लांबून वाचता येईल असंच उतरतं. फोन करता आला असता, हातात घेतलाही होता. पण तुम्ही लगेच ‘जाऊ द्या हो बाबा’ म्हणाल आणि मीही लगेच जाऊ देईन, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलोय.

दुकान बरं चाललंय. ब्रश आता फक्त धूळ झटकायला उरलेत, सगळी अक्षरं स्टिकरच्या कागदातून ते मशीनच कापतं. त्याचा प्रोग्राम जुन्या विंडोजवरच चालतो आणि लेकीची चित्रं लिनक्स नावाच्या दुसऱ्याच सिस्टीमवर. बापलेकीचं हे रोजचं भांडण तुम्ही मागच्या सुट्टीत मिटवलंत, दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही बसवून दिलंत. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येणार, वरची तिची, खालची माझी. तुम्ही किती शांतपणे समजावत होतात, की डिस्कमधली अर्धी जागा तिची आहे, माझ्या बाजूने पाहिलं तर ती बिननावाची दिसेल, तिला हात लावायचा नाही. मी ‘हो हो’ करत होतो. खरं सांगू? ऐकतच नव्हतो. माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर बसून जावई मला शिकवतोय, हे कुठेतरी टोचत होतं. तुमच्या सासूबाईंनी नंतर विचारलंही, कळलं का काही म्हणून. त्यात काय एवढं कळायचंय, असं म्हणून मी चहा मागितला.

तिची ती चित्रं तुम्ही पाहिली आहेतच. बहिऱ्या मुलांच्या शाळेसाठी हातांच्या खुणांचं पुस्तक. पण ते हात माझे होते, हे तिने सांगितलं होतं का तुम्हाला? दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मला समोर बसवायची. बोटं अशी धरा, अंगठा आत घ्या, हलू नका. ‘आई’, ‘पाणी’, ‘भीती’, सगळं माझ्या या जाडजूड बोटांनी. नखांतला रंगसुद्धा तिने तसाच ठेवला होता. कंबर धरली म्हणून मी कुरकुरायचो, पण आतून मला त्याचं केवढं कौतुक होतं! ते तिला कधी बोललो नाही.

कॉम्प्युटर बिघडला त्याच्या आदल्या दिवशी ती त्या शाळेत गेली होती. एका मोठ्या पाटीचं काम अंगावर आलेलं आणि मशीनचा प्रोग्राम जागा नाही म्हणून अडून बसला. शोधत शोधत मी डिस्कच्या पानावर पोचलो, तर निम्मी जागा नुसतीच पडलेली, नाव ना गाव. मला वाटलं, जावईबापू घाईत काम अर्धवट टाकून गेले. चूक सापडली म्हणून मनातल्या मनात खूशही झालो, हे लिहितानाही मान वर होत नाही. मी त्या जागेला एक नाव दिलं. कॉम्प्युटर म्हणाला, वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, आतलं सगळं पुसलं जाईल. जिथे काही नाहीच तिथे पुसलं काय जाणार, म्हणून मी हो म्हटलं. वर माझी जुनी डिझाइनं त्यात ठासून भरली.

सकाळी तिने बटण दाबलं, तर त्या दोन ओळी येईचनात. काळा पडदा आणि इंग्रजीत कसलीशी तक्रार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंड उघडायची वेळ तीच होती, आणि उघडलंही मी. म्हणालो, काल तर चांगला चालत होता. दुरुस्तीवाला कॉम्प्युटर घेऊन गेला आणि फक्त माझी बाजू जिवंत करून परत आला. शाळेत दिलेली सुरुवातीची चित्रं तेवढी वाचली, नंतरची सगळी गेली.

तिला वाटलं, तुमच्या बसवण्यातच खोट होती. पुढचं तुम्ही फोनवर ऐकलंतच, मी समोर उभा राहून ऐकलं. तुम्ही सगळं असंच वरवर करून निघून जाता, संसारसुद्धा, असं म्हणाली ती. पुस्तक झालं की तुमच्याकडे राहायला यायचं ठरलं होतं, तेही मोडलं. तुम्ही पलीकडून माफी मागत होतात, आणि मी फडकं घेऊन काउंटर पुसत होतो. आधीच लखलखीत असलेला काउंटर. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, पण ती वाटूनही मी गप्प राहिलो, याची लाज जास्त आहे.

काल तो दुरुस्तीवाला स्वतःच्या दुकानाची पाटी करून घ्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, तुमचे जावई फार सज्जन. कॉम्प्युटर त्याच्याकडे असतानाच त्याने तुम्हाला फोनवर सांगितलं होतं म्हणे, की बसवण्यात खोट नव्हती, कुणीतरी हाताने पुसलंय. आणि तुम्ही त्याला विनवलंत, घरात बोलू नका. म्हणजे माफी मागताना तुम्हाला माहीत होतं.

आज सकाळी शटर उघडायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, तो दुरुस्तीवाला आला नसता तर सांगितलं असतंत का? मी वळून शटर वर ढकललं. ती बॅग भरतेय, परवा तुमच्याकडे पोचेल. त्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून आजच कुरिअर करतोय. तुम्हाला आधीपासून माहीत होतं, तेवढं मात्र मी तिला सांगितलेलं नाही, ते तिला तुमच्या तोंडून कळायला हवं. ती विचारेलच, तुम्हाला माहीत होतं का म्हणून. तेव्हा तुम्ही मला सांभाळून घ्यायला जाल. नका जाऊ. माझी लाज राखण्यासाठी तुम्हीही खोटं बोललात, तर खरं बोलणारं तिचं माणूसच उरणार नाही.

तुमचाच,
बाबा